आई-बाबांना मुंबईहून न्यूयॉर्कला आणायचंय: थेट विमान की मधे थांबा?

चिंच_गूळ: आई (68) आणि बाबा (72) मे महिन्यात पहिल्यांदाच माझ्याकडे न्यू जर्सीला (न्यूयॉर्कच्या शेजारीच) येताहेत. बाबांचे गुडघे धरतात, फार वेळ एका जागी बसवत नाही. इंग्रजी बेताचं. जाऊन-येऊन माणशी 90 हजारांच्या आत बसवायचंय. काय करू?

कोथरूडकर: थेट. दुसरा विचारच नको. माझे सासू-सासरे मुंबईत बसले ते न्यूयॉर्कलाच उतरले. दोघांचे मिळून सव्वादोन लाख गेले, पण आईवडिलांच्या बाबतीत पैशाकडे बघू नये.

चिंच_गूळ: बजेट वर लिहिलंय हो.

एडिसनवाली: अबू धाबीवरून आणा. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, न्यूयॉर्कला उतरून सरळ बॅगा घ्यायच्या. माझी आई एकटी आली. ‘मुलीकडे आले, तीन महिने राहणार’ असा कागद इंग्रजीत लिहून पर्समध्ये दिला होता, तोच तिने पुढे केला.

निवृत्त_मास्तर: सरळ अंतर सुमारे 12,500 किमी. सपाट नकाशावर रेघ मारू नका, पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, वाट वर उत्तरेकडून जाते. थेट विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात, येताना त्याहून कमी.

सोमवारची_सुट्टी: पृथ्वी फिरते म्हणून येताना लवकर पोचतो.

निवृत्त_मास्तर: नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, येताना ते पाठीशी असतात.

कोथरूडकर: थेटच न्या. पुन्हा सांगतो.

गच्चीवरचा_चहा: स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडू नका! आमचं पहिलं विमान दोन तास उशिरा पोचलं, पुढचं निघून गेलं आणि पुढच्या कंपनीने हात वर केले. वडिलांची रक्तदाबाची गोळी चेक-इन बॅगेत. रात्रभर बाकावर बसून काढली. एकच तिकीट, एकच पीएनआर. औषधं हातातल्या पिशवीत.

सोमवारची_सुट्टी: लोणचं नेता येतं का?

एडिसनवाली: नेता येतं, पण कस्टम्सला जाहीर करा. ताजे आंबे मात्र नकोत. आमची कैरीची बरणी बॅगेत फुटली, बाबांच्या तीन शर्टांवर अजून पिवळे डाग आहेत.

निवृत्त_मास्तर: अबू धाबीवाल्यांनी एक लक्षात घ्यावं: पहिला टप्पा तीन-साडेतीन तासांचा, दुसरा मात्र चौदाच्या आसपास. गुडघ्याला त्याने काय आराम? व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, पायाकडची मोकळी सीट मागा, दर दीड-दोन तासांनी उठवून चालवा.

एडिसनवाली: आईला काही त्रास झाला नाही.

चिंच_गूळ: सगळ्यांचे आभार. मास्तरांनी टप्प्यांचं लिहिल्यावर कागदावर मांडून बघितलं. जर्मनीतल्या फ्रँकफर्टवरून गेलं तर मुंबई–फ्रँकफर्ट साधारण 6,550 किमी, तिथून न्यूयॉर्क 6,200. थेटपेक्षा दोन-अडीचशे किमीच जास्त, पण दोन्ही टप्पे साडेआठ-नऊ तासांचे. मधे चार तासांचा थांबा, एकच पीएनआर, दोन्हीकडे व्हीलचेअर. अमेरिकेचा वैध व्हिसा असल्यामुळे तिथे ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. माणशी 94 हजार, म्हणजे चार हजार वर गेले. आत्ताच तिकिटं काढली.

कोथरूडकर: जर्मनीत अडकले तर भाषा कुणाला येते? थेट न्यायला हवं होतं.

चिंच_गूळ: बाबांना विचारलं. म्हणाले, ‘मधे चार तास पाय मोकळे करायला मिळतील ना? मग तेच काढ.’