दृष्टांत आणि प्रसाद

स्वप्न म्हणजे थकलेल्या मेंदूची अडगळ, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. फोंड्याला आमची आजी पहाटे जाग आली की कूस न बदलता स्वप्न मनात घोळवायची. हललं की निसटतं, म्हणायची. (झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं, आणि पहाटेकडे स्वप्नांचा टप्पा लांबत जातो.) पण देवी स्वप्नात आली तरी आजी तो लगेच देवीचा कौल, म्हणजे तिची आज्ञा, मानत नसे. देवळात प्रसाद लावायचा, म्हणजे मूर्तीवर फुलांच्या पाकळ्या चिकटवून देवीला विचारायचं, उजवी पाकळी पडते की डावी ते बघायचं, मगच ठरवायचं. तुकोबांना गुरुमंत्र स्वप्नातच मिळाला, तो त्यांनी जन्मभर जपला. आजी गेल्यापासून स्वप्नं टिपायला उशाशी वही मी ठेवते.