मदत हवी आहे: वायरलेस चार्जर आणि पेसमेकर, फॉरवर्डमधलं खरं किती?

नमस्कार मंडळी,

अण्णांचा हात थरथरतो, चार्जरची पिन भोकात जाता जात नाही. दोन केबली मोडल्यावर ताईने त्यांना वायरलेस चार्जर आणून दिला. आठ दिवस मजेत गेले. मग नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला आणि अण्णांनी चार्जर टॉवेलात गुंडाळून माळ्यावर टाकला. त्यांना पेसमेकर आहे.

फॉरवर्ड म्हणतो, चार्जरमधून मोबाइल टॉवरसारखं रेडिएशन चोवीस तास खोलीभर पसरतं, पेसमेकर बंद पडतो आणि फोनची बॅटरी सहा महिन्यांत जाते. दोन रात्री वाचून मला कळलं ते लिहितो, चुकत असेन तर बिनधास्त सांगा.

खोलीभर रेडिएशन हे पटत नाही. पॅडमध्ये तांब्याची कॉइल, फोनच्या पाठीत दुसरी. पहिलीत एसी करंट फिरला की चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं आणि दुसरीत वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं, ट्रान्सफॉर्मरमध्ये असतं तेच. क्यूआय (उच्चार 'ची') या वायरलेस चार्जिंगच्या मानकात फ्रिक्वेन्सी साधारण १०० ते २०५ किलोहर्ट्झ, टॉवरची शेकडो मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वर. फोन बोटभर सरकला तरी चार्जिंग थांबतं, ते खोलीभर कसलं पसरणार? फोन नसताना पॅड फक्त अधूनमधून चाचपून बघतो.

बॅटरीचं अर्धं खरं वाटतं. वायरपेक्षा यात उष्णता जास्त होते आणि लिथियम बॅटरीला ती मानवत नाही. पण सहा महिने कुठून आले?

अडलंय ते पेसमेकरपाशी. ॲपल सांगतं की आयफोन पेसमेकरपासून १५ सेंमीपेक्षा लांब ठेवा, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंमीपेक्षा. अण्णांचा फोन आयफोन नाही. मग हे अंतर त्यांनाही लागू का? खोक्यावर 'क्यूआय२, १५ वॉट' एवढंच लिहिलंय.

प्रतिसाद १

तुमचा फ्रिक्वेन्सीचा आकडा जुन्या क्यूआयचा आहे. क्यूआय२ २०२३ मध्ये आलं, ॲपलच्या मॅगसेफवर (चुंबकाने चिकटणारा चार्जर) बेतलेलं, आणि त्याची चुंबकी पद्धत ३६० किलोहर्ट्झच्या आसपास चालते. टॉवरशी तुलना तरीही फोलच. खरी गोष्ट वेगळी: क्यूआय२ म्हणजे पॅडमध्ये चुंबक आहेच. म्हणून ३० सेंमी पाळाच, फोन कुठलाही असो.

'बंद पडतो' मात्र चूक. पुरेसा जोरदार चुंबक अगदी जवळ आला की बहुतेक पेसमेकर हृदयाचे ठोके न बघता ठरावीक गतीने चालू लागतात. डॉक्टर तपासणीत मुद्दाम तसं करतात. चुंबक लांब गेला की पूर्ववत. अण्णांकडे पेसमेकरचं कार्ड असेल, त्यावरचं मॉडेल डॉक्टरांना सांगून त्यांच्या तोंडून अंतर विचारून घ्या. आणि एक बघा: फोनमध्ये किंवा कव्हरमध्ये चुंबक असेल तर हे पॅड फोनला चिकटून सोबतच उचललं जातं. अण्णा आडवे पडून फोन छातीवर ठेवतात का?

धागाकर्ता

ठेवतात हो! रोज दुपारी, बातम्या ऐकत. हे डोक्यातच आलं नव्हतं. कार्ड शोधतो, डॉक्टरांना सोमवारी विचारतो. ते हो म्हणाले तर पॅड दुहेरी टेपने टेबलालाच चिकटवून टाकायचा विचार आहे. उष्णतेने टेप सुटते का, कुणी करून बघितलंय?