विषय: मखराच्या फळ्या – सुगी की हिनोकी? (दोन्ही इथली, जपानातली लाकडं)

मंडळी,
शनिवारी फळ्या आणायच्या आहेत, शुक्रवारपर्यंत काय ते नक्की करा. प्लायवूडचं मखर जिन्यावरून उतरवताना काय हाल झाले ते पाहिलंत. माझं मत सुगी. सहा फुटी, १८० मिमी रुंद, १२ मिमी जाड फळी जेमतेम दीड किलो भरते.
– नाना

---

नाना, वजन मान्य. पण मखर दरवर्षी सुटं करायचं ना? सुगीत स्क्रू दोनचारदा काढला-घातला की भोक सैल होतं. टोकाजवळ आधी गिरमिट न मारता पिळला तर फळी उभी चिरते. नख दाबलं तरी खूण उठते. हिनोकी घ्या. तिची घनता पाण्याच्या ०.४४ पटीच्या आसपास, सुगीची ०.३८. जपानातल्या इसेच्या मोठ्या देवळालाही हिनोकीच लागते.
– अण्णा

---

हिनोकीचा भाव पाहिलात का? हिशेब माझ्याकडे आहे, मला विचारल्याशिवाय काही ठरवू नका. आणि सुगी म्हणजे फेब्रुवारीपासून शिंका आणणारं तेच झाड ना? हॉलमध्ये लहान मुलं असतात.
– वहिनी

---

वहिनी, शिंका परागकणांच्या, फळीच्या नव्हेत. दुसऱ्या महायुद्धानंतर इथले डोंगरच्या डोंगर सुगीची झाडं लावून भरले, त्याचा हा ताप. घासताना भुसा नाकात जातो, तेव्हा मास्क लावू. बाबांच्या नोकरीमुळे मी दार्जिलिंगला वाढले. तिथेही जपानहून नेलेलं हेच झाड आहे, धुपी म्हणतात. आमच्या घराच्या फळ्या धुपीच्याच होत्या, कोणाला त्रास झाला नाही.
– निशिकासाईहून (टोकियो) मावशी

---

अण्णा, फळीत स्क्रू नकोतच. आरपार बोल्ट घालू, दोन्ही बाजूंनी रुंद वॉशर. चौरंगाचे पाय आणि खांब तेवढे हिनोकीचे, म्हणजे वहिनींच्या हिशेबातही बसेल. कलशाखाली पाणी सांडतं, तिथे लाल गाभ्याची फळी हवी; कडेचं पांढरं लाकूड ओल धरून कुजतं. दाबाची खूण उठली तर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवा, तंतू फुगून वर येतात.

रंधा मीच मारणार. पातं बोथट असलं तर मऊ पांढरा पट्टा दबतो आणि कडक तपकिरी रेघ वर राहते. सँडर (घासायचं यंत्र) कोणी परस्पर फिरवू नका, तो मऊ भाग आधी खातो आणि फळीवर लाटा उठतात.
– नाना

---

सँडर मीच फिरवला होता, कारण रंग धरत नव्हता. यंदा रंगच नको, सुगीच्या रेघा दिसू द्या. फळ्या आणायला दुकानाचा छोटा ट्रक तासभर फुकट मिळतो, पण चालवणाऱ्याकडे इथे चालणारं लायसन्स हवं. कोण येतंय?
– अण्णा