विषय: दिवाळीची पहाट आणि गावचा वाघ्या

सर्व सभासदांस सस्नेह नमस्कार.

यंदा दिवाळीला आम्ही लंडनहून देवगडला आईकडे जाणार आहोत. आईचा पाच वर्षांचा कुत्रा वाघ्या पहिली लवंगी माळ लागताच लाळ गाळत थरथरू लागतो. त्याला पडवीतल्या खांबाला साखळीने बांधले की झाले, असे आई म्हणते. मला मात्र ते पटत नाही. इथून झोपेची गोळी न्यावी का? जाणकारांनी कृपया कळवावे.

---

ताई, सप्रेम नमस्कार.

साखळीचा प्रयोग आम्ही गुहागरला करून बसलो आहोत. आमचा कुत्रा खुंटा उपटून, साखळीसकट गडग्यावरून उडी मारून पळाला आणि दुसऱ्या दिवशी कुंपणात अडकलेला सापडला, तेव्हा गळपट्ट्याखालची कातडी सोलवटून निघाली होती. मोकळा सोडणेही तितकेच वाईट, कारण आपल्याकडे कठडा नसलेल्या बावी आहेत आणि अंधार पडल्यावर बिबट्याचेही भय आहे. तेव्हा त्याला घरातच घ्यावे.

खोली निवडताना एक गोष्ट ध्यानात घ्या: चिऱ्याची भिंत आवाज बराच अडवते, पण कौलांतून तो सरळ खाली येतो, म्हणून जिच्यावर माळा आहे अशी कोठीची खोली उत्तम. तिथे त्याचे गोणपाट आणि आईचे एखादे जुने लुगडे अंथरून आतापासूनच रोजचे जेवण द्यावे, म्हणजे ती जागा ऐन वेळी परकी वाटणार नाही. फटाके सुरू झाल्यावर पंखा आणि रेडिओ चालू ठेवावा. तो खाटेखाली शिरला तर ओढून बाहेर काढू नये. जवळ घेतल्याने कुत्रा अधिक भित्रा होतो, हा समज चुकीचा आहे. तो जवळ आला तर खुशाल कुरवाळावे.

वेळेचे गणित विलायतेपेक्षा वेगळे आहे. तिथे 2004 च्या नियमांनुसार दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत फटाके उडवता येतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. तरीही नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून कारीट फोडले की पहाटेच आवाज सुरू होतात, हे आपण लहानपणापासून पाहतो (आणि त्यात आपलाही हातभार असे). म्हणून आदल्या दिवशी उन्हे कलण्यापूर्वीच त्याला फिरवून आणावे आणि पहाटे अंगणात रांगोळीसाठी दार उघडण्यापूर्वी कोठीला कडी लावावी, कारण कुत्रे पळते ते नेमके त्या उघड्या दारातून.

गोळीचे म्हणाल तर, न तपासलेल्या कुत्र्यासाठी तिथले डॉक्टर औषध लिहून देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. एसीप्रोमाझीनसारख्या गुंगीच्या औषधाने अंग ढिले पडते, पण भीती आत तशीच राहते. भीती कमी करणारी औषधे निराळी असतात. त्यासाठी आईंनी निदान पंधरा दिवस आधी तालुक्याच्या पशुवैद्यांना वाघ्या दाखवावा.

---

दादा, मनापासून आभार.

आईला आपले पत्र फोनवर वाचून दाखवले. साखळीचा हट्ट तिने सोडला असून वाघ्याचे ताट कालपासून कोठीत ठेवू लागली आहे. त्या दाराची कडी मात्र गंजून तुटल्याचे तिच्या आता लक्षात आले, म्हणून भावाला या रविवारी नवी बसवायला सांगितले आहे.