अनुभव धागा: कुरण, शेत, दलदल आणि परत तिथेच (इंग्लंडमधल्या गोल वाटा)

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा काही काळ राहून गेलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. डोंगरांबद्दल आणि समुद्रकड्यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला ऐकायचे आहेत ते सपाट मुलखातल्या गोल वाटांचे अनुभव. गावातल्या चर्चपासून किंवा स्टेशनपासून निघायचं, कुरणं, शेतं, दलदल ओलांडत आठ-दहा किलोमीटर चालायचं आणि आल्या वाटेने न परतता पुन्हा तिथेच पोहोचायचं. अशा वाटांवर फारसं कुणी लिहीत नाही, आणि मला त्या या देशातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटतात.

माझी आवडती वाट केंटमधली. फॅव्हरशॅम स्टेशनला उतरून खाडीकाठाने ओअरच्या पाणथळीपर्यंत जायचं आणि शेतांतून परत यायचं. समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधावरून चालताना एका हाताला भरती-ओहोटीचा चिखल असतो, दुसऱ्या हाताला गोड्या पाण्याचं कुरण आणि त्यात चरणारी गुरं. निघण्याआधी भरतीची वेळ बघून ठेवा. ओहोटीला पक्षी लांबवर चिखलात पांगलेले असतात. भरती चढू लागली की ते थव्याथव्याने बांध ओलांडून आतल्या तळ्यावर येतात. उन्हाळ्याच्या शेवटी काळ्या शेपटीच्या गॉडविटांचे थवे असे डोक्यावरून येताना पाहिले आणि तेव्हापासून मी आधी भरतीचं वेळापत्रक बघते, मग ट्रेनचं.

तुम्ही कुठे चालता, कोणत्या महिन्यात, काय दिसलं, काय अडचण आली, सगळं लिहा.

(स्विंडनजवळून)

आमची वाट क्रिकलेडच्या नॉर्थ मेडोची. टेम्स इथे अगदी लहान आहे, दुसऱ्या काठावरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं. एप्रिलच्या उत्तरार्धात इथे स्नेक्स हेड फ्रिटिलरी फुलते. मान खाली घातलेली जांभळी घंटा, आणि पाकळीवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. मधूनच एखादं पांढरं. हिवाळ्यात नदीचं पाणी कुरणावर पसरतं, गाळ टाकून जातं, उन्हाळ्यात गवत कापलं जातं, मग गुरं चरतात. शतकानुशतकं चाललेल्या या क्रमामुळेच ती फुलं टिकली आहेत. पाणी फार दिवस साचून राहिलं तर फुलं कमी येतात, त्यामुळे ओल्या हिवाळ्यानंतर आमचा जीव टांगणीला लागतो.

1930 च्या दशकापासून पुढच्या पन्नासेक वर्षांत इंग्लंड-वेल्समधली फुलांची 97 टक्के कुरणं गेली. नांगरली गेली, नाहीतर खत घालून नुसत्या गवताची झाली. हे कळल्यापासून मी तिथे वाटेबाहेर पाऊल टाकत नाही.

माझे सासरे जूनमध्ये आले होते. जन्म शेतीत गेलेला. त्यांनी वाटेकडेचं एक वाळलेलं बोंड बोटांनी हलवलं, आतलं बी खुळखुळलं, आणि म्हणाले, "गवत कापायला आलंय." त्या झाडाचं नाव यलो रॅटल. इथले जुने शेतकरीही ते खुळखुळायला लागलं की गवत कापायला घेत. ते गवताच्या मुळांतून रस ओढतं, गवताचा जोर कमी करतं आणि बाकीच्या फुलांना जागा मिळते. बाबांना इंग्रजी येत नाही, पण त्या कुरणात त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजलं.

(बेडफर्डशर)

मला लिहायचंय ते मधल्या शेताबद्दल. नकाशावर हिरव्या तुटक रेघा दिसतात ना, त्या नुसत्या सोयीच्या पाऊलवाटा नसतात, तो चालण्याचा हक्क असतो. 1949 च्या कायद्याने काउंटींना या वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सुमारे 2,25,000 किलोमीटर भरतात.

मे महिना होता. वाट गव्हाच्या मधोमध जात होती आणि गहू गुडघ्याच्या वर आलेला. पिकात पाय टाकायचा कसा, म्हणून मी आणि बायको बांधावरून वळसा घालायला निघालो. ट्रॅक्टरवरचा वयस्कर शेतकरी थांबला आणि म्हणाला, "मधून जा. तुम्ही सगळे मधून गेलात तर एकच पट्टा तुडवला जातो, कडेने गेलात तर पक्ष्यांसाठी ठेवलेली कड जाते." वाट त्यानेच पीक कापून आखून ठेवली होती. कायदाही तसाच आहे. शेतामधून जाणारी वाट नांगरली तर 14 दिवसांच्या आत किमान एक मीटर रुंदीची करून द्यावी लागते. शेताच्या कडेने जाणारी वाट नांगरायची परवानगीच नाही.

त्या पट्ट्यातून चालताना दोन्ही बाजूंनी गहू आणि वर चंडोल. तो इतका उंच जातो की दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

(नॉर्विच)

माझी वाट थंडीतली. नॉरफकमधल्या हॅल्व्हरगेट गावातून निघून बर्नी आर्म्सपर्यंत जायचं, थोडं ब्रेडन वॉटर या खाडीच्या काठाने, आणि कुरणातून परत. बर्नी आर्म्सला रेल्वे स्टेशन आहे, पण मोटारीचा रस्ता नाही. नदीकाठी दलदलीतलं पाणी उपसणारी उंच पवनचक्की उभी आहे. डिसेंबरात तिथे पोहोचायला दुपार झाली की दिवस संपत आलेला असतो, म्हणून सकाळीच निघा. झाड नाही, आडोसा नाही, समुद्रावरून येणारा वारा थेट अंगावर.

तरीही तिथेच का जातो? 1980 च्या दशकात हे सगळं नांगरलं जाणार होतं. कुरणातलं पाणी काढून गहू पेरायला तेव्हा अनुदान मिळत होतं. मोठा वाद झाला आणि 1985 मध्ये उलटी योजना आली: कुरण कुरणच ठेवा, गुरं चारा, त्याचे पैसे घ्या. शेतकऱ्याला निसर्ग राखण्याचा मोबदला देण्याच्या देशभरातल्या पुढच्या योजना या पाणथळीतून निघाल्या. त्या कुरणात उभं राहिलं की हे पुस्तकी राहत नाही. चरात पाणी आहे म्हणून चिखल मऊ आहे, चिखल मऊ आहे म्हणून चोच आत जाते, गुरं चरतात म्हणून गवत आखूड आहे आणि टिटवीच्या जातीच्या लॅपविंगांना लांबून शत्रू दिसतो. यातली एक गोष्ट काढली तर बाकीच्या टिकत नाहीत.

मार्श हॅरिअर हा दलदलीतला शिकारी पक्षी तिथे बहुतेक वेळा दिसतोच. 1971 मध्ये ब्रिटनमध्ये त्याची घरटं करणारी एकच मादी उरली होती. बोरूच्या बेटावरून पंख इंग्रजी व्हीसारखे धरून तो सावकाश तरंगत जातो तेव्हा मला दरवेळी ते आठवतं.

(लेस्टर)

गुरांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. वासरं असलेल्या गाई आणि सोबत कुत्रा ही खरी धोक्याची जोडी. गाई अंगावर आल्या तर कुत्र्याचा पट्टा सोडून द्या, तो पळून सुटतो. गाय आणि वासरू यांच्या मधून कधी जाऊ नका. दुधाळ जातींचा दहा महिन्यांपेक्षा मोठा बैल हक्काची वाट असलेल्या शेतात ठेवायला बंदी आहे. मांसासाठी पाळलेल्या जातींचा ठेवता येतो, पण गाईंसोबतच.

(ब्रिस्टल)

वाचून राहवलं नाही. सॉमरसेट लेव्हल्समध्ये शॅपविक हीथला चला. संध्याकाळी स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे बघायला हिवाळ्यात गर्दी होते, पण माझं मन वेगळ्याच गोष्टीवर जडलंय. 1970 मध्ये पीट (दलदलीत साचलेली, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती) खणताना इथे दलदल ओलांडायची लाकडी फळ्यांची वाट सापडली, स्वीट ट्रॅक. लाकडाच्या वर्तुळांवरून काळ निघाला: झाडं इ.स.पू. 3807-3806 च्या हिवाळ्यात तोडलेली. पीटच्या ओलाव्यात हवा पोहोचत नाही म्हणून लाकूड कुजलं नाही. ती वाट टिकावी म्हणून आजही तिथली जमीन मुद्दाम ओली ठेवावी लागते. वाटेशेजारी आल्प्समधल्या हिरव्या दगडाची कुऱ्हाड मिळाली, न वापरलेली. माझ्या मुलीने विचारलं, "पडली की ठेवली?" आम्ही परतीच्या सगळ्या वाटेवर यावरच बोलत होतो. ती म्हणते, ठेवली.

(रेडिंग)

माझे गुडघे साथ देत नाहीत. स्टाइल, म्हणजे कुंपणावरून चढून जायची ती लाकडी पायरी, मला जमत नाही. वाट सुचवताना तेवढं लिहाल का, स्टाइल किती आणि फाटकं किती? फाटकांची गोल वाट असेल तर मी आनंदाने येईन.

(धागाकर्ती)

रेडिंगच्या ताई, ओअरच्या पाणथळीतली आतली छोटी फेरी तुम्हाला जमेल असं वाटतं, बांधावरची वाट सपाट आहे. तरी पुढच्या वेळी प्रत्येक फाटक बघून इथे लिहिते.

बाकी सगळ्यांना एक विनंती. वाट काटेरी झुडपांनी बुजलेली, पाटी मोडलेली किंवा पिकाखाली गेलेली दिसली तर काउंटी कौन्सिलच्या वेबसाइटवर कळवा. नकाशावरचा ग्रिड संदर्भ (जागा दाखवणारे आकडे) आणि फोटो द्या. माझ्या ओळखीच्या वाटेवरचा मोडका लाकडी पूल असा कळवल्यावर काही महिन्यांत नवा झाला. नॉर्विचकरांनी जानेवारीत हॅल्व्हरगेटला जायचं ठरवलं तर तारीख टाका, मी येतेय.