गॅस गिझर भक्क करून पेटतो, ज्योत पिवळी. जेट मोठा करावा का?

केतकी_गो:
नमस्कार मंडळी. गोरेगावला सासूबाईंच्या घरी पाइप गॅसवरचा सहा लिटरचा गिझर आहे. सातवा मजला, वर थेट गच्ची आणि टाकी. हल्ली नळ सोडला की नुसती टकटक चालू राहते, ज्योत लागत नाही. लागते तेव्हा भक्क करून लागते आणि त्या दचकतात. पाणी एक तर चटका बसेल इतकं कढत, नाहीतर डोक्यावर साबण असताना गिझर बंद. गिझरच्या छोट्या खिडकीतून बघितलं तर ज्योतीची टोकं पिवळी दिसतात. प्लंबर बघून म्हणाला, "जेटचं, म्हणजे गॅस सुटतो त्या तोटीचं भोक जरा मोठं करून देतो, दणदणीत पेटेल." त्याला तूर्त थांबवलंय. ज्योत घरच्या घरी कमी-जास्त करता येते का? की सरळ नवीन घ्यावा? विजेचा सुचवू नका प्लीज, बिल्डिंगची वायरिंग जुनी आहे.

वसू_घाटकोपर:
थांबवलंत ते फार बरं केलंत. आधी हे सांगा: गिझर बाथरूमच्या आत आहे की बाहेर? खिडकी उघडी असते का? आणि सेल शेवटचे कधी बदलले?

केतकी_गो:
आतच आहे, दाराच्या वर. खिडकी काचेच्या पट्ट्यांची आहे, पण डक्टमधली कबुतरं आत येऊन घाण करायची म्हणून दिवाळीआधी बाहेरून ॲक्रिलिक शीट ठोकून घेतली. सेलचं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "त्यात सेल असतात?"

वसू_घाटकोपर:
ताई, ती शीट आजच काढा, आणि ज्योत निळी होईपर्यंत तो गिझर वापरू नका. दोन-चार दिवस पाणी शेगडीवर तापवा.

घाबरवायचं म्हणून नाही सांगत. ज्योतीला हवा कमी पडली की गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळतीचा जो वास आपण ओळखतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो, आणि तो ज्योतीत जळून जातो. त्यामुळे "वास आला तर कळेलच" हा भरवसा इथे चालत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट धरतो. आधी डोकं जड, मग मळमळ, चक्कर, आणि कडी काढायला उठावं तर पायात त्राण नसतं. सासूबाईंना अंघोळीनंतर डोकं दुखतं का, एकदा विचारून बघा. दुखत असेल तर डॉक्टरांच्याही कानावर घाला.

भांडुपचा_बंड्या:
+१. आमच्या विंगमध्ये सोसायटीने नोटीसच लावलीय, गिझर बाथरूममध्ये नको म्हणून. तरी चार घरांत आतच आहेत.

पाना_पक्कड:
गिझर दुरुस्तीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

गिझर पेटतो कसा ते बघू. नळ सोडला की वाहत्या पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा ढकलला जातो, तो एक पिन ढकलतो, पिनमुळे छोटा स्विच दाबला जातो. मग सेलवर एका धातूच्या काडीतून ठिणगी सुरू होते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. ज्योत लागली की तिच्यात बसवलेली दुसरी काडी "लागली" असा निरोप सर्किटला देते. काही सेकंदांत तो निरोप पोचला नाही तर गॅस आपोआप बंद. म्हणजे गिझर पेटत नसेल तर आधी पाणी आणि सेल तपासायचे. गॅसचा नंबर त्यानंतर.

टकटक होऊन ज्योत लागत नाही याचं सर्वांत साधं कारण उतरलेले सेल. टॉर्चचे मोठे सेल दोन घ्या, अल्कलाइन असतील तर उत्तम. दोन्ही एकदम बदला, जुना-नवा जोडीने लावू नका. चार्जिंगवाले नकोत. साधे दोन मिळून ३ व्होल्ट देतात, चार्जिंगचे २.४. डबीतल्या पत्र्यांवर हिरवट बुरशी दिसली तर बारीक पॉलिश पेपरने खरवडा. आपल्याकडे पावसाळ्यात ती हमखास येते.

भक्क का होतं? गॅस सुटलाय आणि ठिणगी उशिरा पडतेय, तोवर थोडा गॅस साठतो आणि एकदम पेट घेतो. सेल बदलूनही भक्क राहिलं तर ठिणगीची काडी वाकलीय किंवा बर्नरच्या फटींत धूळ, जाळं, कपड्यांचे तंतू अडकलेत. हे काम गिझर खाली उतरवूनच होतं आणि माहितगारानेच करायचं. ब्रशने झाडायचं, फटींत तार घालायची नाही.

पिवळ्या ज्योतीचंही मूळ तिथेच. बर्नर चोंदलेला आणि खोलीत हवा नाही, तुमच्याकडे दोन्ही दिसतंय. एखादी केशरी ठिणगी उडून गेली तर ती हवेतली धूळ, त्याचं काही नाही. पण टोकं सतत पिवळी, मऊ, डुलणारी असतील आणि वरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर काजळी धरली असेल तर तो गिझर बंदच ठेवायचा. ज्योत निळी, आखूड, एका रांगेत उभी हवी. उलट बर्नरपासून सुटून वर उडत असेल, फरफर आवाज करत असेल, तर दाब किंवा हवा जास्त आहे. तीही दाखवून घ्यावी.

आता जेट. पाइप गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, घरात २१ मिलिबार दाबाने येतो. सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून साधारण ३० मिलिबारने येतो आणि तेवढ्याच आकारमानात त्यात उष्णता अडीच पट असते. म्हणून दोघांचे जेट वेगळे, सिलिंडरचा बारीक. कुणी सिलिंडरचा गिझर स्वस्तात आणून पाइप गॅसवर जोडला तर ज्योत मरगळलेली लागते, आणि मग असे ड्रिलवाले सल्ले सुरू होतात. गिझरच्या बाजूच्या पाटीवर गॅसचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघा. पाटीवर पाइप गॅस असेल तर जेटला हात लावायचं काहीच कारण नाही. तुमची ज्योत आधीच हवेवाचून पिवळी आहे. भोक मोठं केलं तर गॅस वाढेल, हवा तेवढीच राहील, आणि वसूताईंनी सांगितलेला वायू आणखी बनेल.

केतकी_गो:
खूप आभार दादा. पाटीवर पीएनजी, म्हणजे पाइप गॅस, लिहिलंय. शीट काढायला माणूस आलाय. पण कढत पाणी आणि मध्येच बंद होणं, हेही सेलमुळेच का?

पाना_पक्कड:
नाही, ते तुमच्या सातव्या मजल्यामुळे. सहा लिटरचा गिझर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवणारा. तुमच्याकडे टाकी डोक्यावरच, दाब कमी. समजा मिनिटाला तीनच लिटर येतंय. आग तेवढीच, पाणी निम्मं, म्हणजे वाढ ५० अंशांची. मुंबईत थंडीतही टाकीचं पाणी २२-२५ अंशांच्या आसपास असतं, त्यात ५० मिळवा. चटका बसणारच. मग माणूस काय करतो? गार नळ सोडतो. तो सोडला की गिझरकडे जाणारं पाणी आणखी घटतं, पडदा मागे येतो, ज्योत विझते.

म्हणून गार पाणी मिसळण्याआधी आग कमी करा. यासाठी ड्रिल लागत नाही, पुढची बटणं त्यासाठीच असतात. उन्हाळा-हिवाळ्याचा खटका असेल तर तो उन्हाळ्यावर, मुंबईत बारा महिने. गॅसचं बटण सर्वांत कमीवर. गरम नळ पूर्ण सोडायचा, मिनिटभर थांबायचं, कोपर बुडवून बघायचं, मग गॅस थोडा थोडा वाढवायचा. पाण्याचं बटण शेवटी. अंगाला सोसेल इतकं पाणी थेट गरम नळातूनच आलं पाहिजे, गार नळ नावापुरता.

गिझरमध्ये पाणी शिरतं तिथे बारीक जाळी असते. टाकी धुतल्यावर सगळा गाळ तिथेच येऊन बसतो. पाण्याचा खालचा कॉक बंद करून ती काढा, धुवा, परत बसवा.

चाळकरी_काका:
आमच्या गिरगावात माझ्या मेहुण्याकडे अजून जुना पायलटवाला, म्हणजे छोटी ज्योत सतत तेवत राहणारा गिझर चालू आहे. त्यात सेलबिल काही नाही. बटण दाबून धरायचं, काडी लावायची, आणि पायलट पेटली तरी वीस-तीस सेकंद बोट काढायचं नाही. ज्योतीजवळची थर्मोकपल नावाची कांडी तापली की मगच गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. लोक बोट लवकर काढतात आणि गिझरला शिव्या घालतात. एकदा नाही पेटला तर लगेच दुसरी काडी ओढू नये, बटण बंद करून पाच मिनिटं खिडकी उघडी ठेवावी. आजकालच्या टकटकवाल्यांनाही हा नियम लागूच.

लोडशेडिंग_मुक्त:
नको म्हणालात तरी सांगतो. बाथरूमच्या आत लावायचाच असेल तर विजेचा १५ लिटरचा बरा. वायरिंग एकदा बदलली की सुटलात. म्हाताऱ्या माणसांच्या घरी ज्योत कशाला?

वसू_घाटकोपर:
मुद्दा चुकीचा नाही. पण दोन किलोवॅटचा गिझर पंधरा लिटर तापवायला साधारण पंधरा मिनिटं घेतो आणि अख्ख्या बिल्डिंगची वायरिंग केतकीताईंच्या हातात नाही. गॅस गिझर बाहेर काढणं त्यांच्या हातात आहे.

केतकी_गो:
तेच ठरवतोय. हा गिझर जुनाच आहे, नवीन घेऊन ड्राय बाल्कनीत लावू. घेताना काय बघू? आणि बाल्कनीतून बाथरूमपर्यंत पाणी गार नाही ना होणार?

भांडुपचा_बंड्या:
ड्राय बाल्कनी खिडक्या लावून बंद केली असेल तर तीही बाथरूमसारखीच हं. वरती कायमची उघडी जागा ठेवा.

पाना_पक्कड:
बंड्याभाऊंचं बरोबर. शिवाय त्याच जागेत एक्झॉस्ट फॅन असेल तर गिझर चालू असताना तो लावू नका, खोली बंद असली तर गिझरचा धूर उलटा आत ओढला जातो.

घेताना ब्रँडच्या आधी चार गोष्टी विचारा. पाटीवर पीएनजी हवं, दुकानात "बदलून देऊ" म्हणाले तर नको. आयएसआयची खूण. किमान किती दाबावर पेटतो ते: बऱ्याच मॉडेलवर ०.०२५ मेगापास्कल असतं, म्हणजे पाण्याची पातळी गिझरच्या अडीच मीटर वर हवी. तुम्हाला त्याहून कमी दाबाचं मॉडेल लागेल. आणि ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर, बहुतेकांत वीस मिनिटांचा असतो. शॉवरपेक्षा खालचा बादलीचा नळ वापरला तर त्याच दाबात गिझर चटकन पेटतो, हेही सासूबाईंना सांगा.

गॅसची लाइन हलवायचं काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच, जेटवाल्या प्लंबरकडून नाही. जोडणी झाली की तुमच्यासमोर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायला सांगा. गॅसचा मागचा कॉक रात्री आडवा, म्हणजे पाइपला काटकोनात. तो बंद.

पाणी गार होण्याचं म्हणाल तर आठ-दहा फुटांच्या पाइपात फार काही फरक पडत नाही, फोमची नळी चढवून घ्या. सुरुवातीचं तांब्या-दोन तांबे गार येईल, ते बादलीत धरा.