पावसाळ्यात गाडी धुणं: गरज की हौस?

चिखलफेक्या: पावसाळ्यात गाडी धुणं म्हणजे वेळ आणि पाणी दोन्ही वाया. वरून फुकट पाणी पडतंय, धूळ वाहून जातेय. आज घासूनपुसून लख्ख केली तरी उद्या दारापर्यंत चिखल उडणारच. पाऊस सरला की एकदाच काय ते धुवावं. बोला!

भिंगवाला: अहो, पाऊस गाडी ओली करतो, धुवत नाही. ढगातला थेंब मुळात धुळीच्या किंवा क्षाराच्या कणाभोवतीच धरतो आणि खाली येताना हवेतली काजळीही सोबत आणतो. पाणी उडून जातं, मळ मागे राहतो. भुरभुर पडून ऊन आलं की काळं बॉनेट बघा: जागोजागी राखाडी वर्तुळं, कडेला दाट, मध्ये पुसट. धो धो कोसळला तर सुटी धूळ जाते, मान्य. पण धुराचा आणि रस्त्यावरच्या तेलाचा चिकट थर? तेलकट तवा नुसता नळाखाली धरून निघतो का?

चिखलफेक्या: आणि तुमच्या नळाचं पाणी काय तीर्थ आहे? बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. ते सुकून जे पांढरे डाग पडतात ते पावसाच्या डागांपेक्षा हट्टी. शिवाय रोज सकाळी एकाच ओल्या फडक्याने अख्खी गाडी पुसणारे बघा. फडक्यातली माती रंगावर घासली जाते आणि उन्हात गोल गोल ओरखडे चमकतात. ही स्वच्छता पावसापेक्षा महागात पडते.

निळी बादली: फडक्याबद्दल सहमत. आधी भरपूर पाणी ओतून माती सुटू द्यावी, मगच हात लावावा. पण धुऊच नका, हे काही पटलं नाही. स्वच्छ पावसाचा पीएचही ५.६ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तेवढ्याने रंगाला काही होत नाही. मात्र हवेत गंधकाची आणि नायट्रोजनची ऑक्साइडं असली की पाणी आणखी आम्लधर्मी होतं, आणि थेंब उन्हात आटताना ते आम्ल तीव्र होत जातं. मग क्लिअरकोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, खूण बसते, पुसून जात नाही.

गंजलेला: सगळे चकाकीवरच भांडताय! गाडी सडते ती खालून. चाकांवरच्या कमानीत बसलेला चिखल ओल धरून ठेवतो. दारांच्या खालच्या कडेला निचऱ्याची बारीक भोकं असतात, ती बुजली की पाणी आतच साचतं. वरून नका धुऊ हवं तर, खालून फवारा मारा.

चिखलफेक्या: खालून फवारा, चालेल. शॅम्पू-वॅक्स नाही.

भिंगवाला: आणि पक्ष्यांची घाण? तीही पावसावर सोडणार?

चिखलफेक्या: ती भिजवून लगेच काढतो. त्याला गाडी धुणं म्हणत नाहीत.